डोकं उठतं तेव्हा

आमच्या आईला पित्ताचा त्रास होता. निदान घरात सगळे तसंच म्हणायचे. महिन्यातून दोनतीनदा ती खुरपणी अर्धवट टाकून भर दुपारी रानातून परत यायची, पदर डोळ्यांवर ओढून. धान्याच्या कणग्या ठेवलेल्या खोलीला एकच झरोका होता, तोही पोत्यानं बुजवलेला. त्या खोलीत ती उघड्या जमिनीवर आडवी व्हायची, कपाळाला फडकं आवळून. तेवढा वेळ आम्हा भावंडांना भांडी आपटायला, रेडिओ लावायला बंदी. आजी चुलतीला फोडणीसुद्धा घालू द्यायची नाही. दिवेलागणीला आई तांब्याभर कोमट पाण्यात मीठ घालून प्यायची, मोरीत जाऊन उलटी काढायची आणि तोंड पुसत बाहेर येताना म्हणायची, "पडलं बाई पित्त. आता उतरंल." आणि खरंच तासाभरात डोकं उतरायचं. रात्री ती भाकरी थापायला बसलेली असायची.

ती अर्धशिशी होती. हे कळायला मला माझ्या डोक्यातून जावं लागलं.

मी बारामतीत राहते आणि इंदापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. वयाच्या चौतिसाव्या वर्षी एका दुपारी नववीच्या वर्गात वर्तुळ शिकवत होते. फळ्यावर 'त्रिज्या' लिहिलं आणि त्यातलं 'ज्या' मला दिसेना. खडू नीट उमटला नसेल म्हणून खाली पुन्हा लिहिलं. पुन्हा 'त्रि' दिसलं, पुढं नुसती पोकळी. "मॅडम, शब्द दोनदा लिहिलाय," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. तेवढ्यात त्या पोकळीच्या कडेला एक चमकती, थरथरती रेघ उमटली, करवतीच्या दातांसारखी. ती फाकत फाकत उजवीकडे सरकत गेली. डोळे मिटले तरी ती होतीच. वीसएक मिनिटांनी ती विझली, फळा स्वच्छ दिसायला लागला आणि मला वाटलं, सुटले. मग डाव्या कानशिलात पहिला ठणका पडला.

दृष्टी चालली, की मेंदूत गाठ झाली, की हा अर्धांगाचा झटका आहे? त्या वीस मिनिटांत मी काय काय योजून ठेवलं हे आठवलं की आजही घशाला कोरड पडते. मुलगा तेव्हा चौथीत होता.

त्यानंतरची तीन वर्षं नाव शोधण्यात गेली. चष्म्याचा नंबर बदलला. सायनसचा एक्स-रे काढला. बीपी तपासलं. आम्लपित्ताच्या गोळ्या रोज सकाळी रिकाम्या पोटी घेतल्या. शेवटी एमआरआय झाला, तो निर्दोष आला आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनी हसून सांगितलं, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." ते ऐकताना सुटका वाटली आणि बाहेर पडताना रडू आलं. दर दहा दिवसांनी अंधाऱ्या खोलीत उलट्या काढत पडणाऱ्या माणसाला 'काही नाही' म्हणून कसं चालेल? अर्धशिशीत मेंदूचा फोटो बहुधा निर्दोषच येतो. आजार मेंदूच्या बांधणीत नसतो, वागण्यात असतो. हे एक वाक्य त्या दिवशी कोणी सांगितलं असतं, तर हे पुस्तक कदाचित मी लिहिलंच नसतं.

पुढची पानं बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या माणसांशी झालेल्या बोलण्यातून उभी राहिली आहेत. शिक्षिका, पानमळेवाले, एसटीचे वाहक, साखर कारखान्यातले पॅनमन, एमआयडीसीत पाळ्या करणाऱ्या मुली, ऊसतोडीला आलेल्या बाया. त्यांना मी विचारलं, तुमचं डोकं दुखतं त्याला तुम्ही काय म्हणता? उत्तरं अशी आली: पित्त. सायनस. ऊन लागलं. नंबर वाढला. बीपी. नजर. टेन्शन. 'मायग्रेन' हा शब्द नोकरदारांनी वापरला. 'अर्धशिशी' फक्त म्हाताऱ्या बायांच्या तोंडून ऐकला. म्हणजे जो शब्द आपल्या भाषेत नेमका या दुखण्यासाठी तयार होता, तो मधल्या पिढीनं हरवला आणि त्याच्या जागी सहासात चुकीचे शब्द घेतले. माझं या पुस्तकातलं म्हणणं एवढंच आहे. आपल्याकडची अर्धशिशी दुसऱ्यांच्या नावावर राहते, म्हणून तिला औषध मिळत नाही.

यातलं सगळ्यात चिवट नाव पित्ताचं. डोकं उठतं, मळमळतं, उलटी होते आणि उलटीनंतर आराम पडतो. आता कोणीही म्हणेल, पोटातलं काहीतरी वर चढलं होतं, ते बाहेर पडलं. डोळ्यांना दिसणारा क्रम तसाच आहे. प्रत्यक्षात ठणका आणि मळमळ दोन्ही मेंदूतूनच सुरू होतात. उलटी हा त्याच झटक्याचा भाग आहे आणि कित्येकांचा झटका तिच्याबरोबर संपतो. पोट हे कारण नव्हे, तेही बिचारं सोसणाऱ्यांतलंच. झटका चढला की जठराची हालचालच मंदावते, म्हणून उशिरा घेतलेली गोळी पोटात तशीच पडून राहते आणि पुढच्या उलटीबरोबर बाहेर येते. "मला गोळीच लागू पडत नाही" असं म्हणणाऱ्यांतले बरेचजण गोळी फार उशिरा घेतात. 'आधी पित्त पडू दे, मग बघू' म्हणून थांबतात. माझी आई आयुष्यभर थांबली.

सायनसचंही तेच. अर्धशिशीत कपाळ, गाल, डोळ्याच्या खोबणीभोवती दुखतं, नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं. त्यामुळे माणूस वाफारे घेत बसतो. अमेरिकेत 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आपलं डोकं सायनसनं दुखतं असं स्वतःच ठरवलेल्या 2,991 लोकांना तपासलं, तेव्हा त्यांतल्या 88 टक्के लोकांचं दुखणं अर्धशिशीच्या जातीचं निघालं. आपल्या तालुक्यात असा अभ्यास झाला तर आकडा फार निराळा येईल असं मला वाटत नाही.

आपल्या पूर्वजांनी मात्र हे दुखणं बारकाईनं पाहिलं होतं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांतल्या अर्धावभेदकात अर्धं डोकं फुटल्यासारखं दुखतं आणि ते पंधरवड्यानं, दहा दिवसांनी किंवा अचानकही उठतं. सूर्यावर्तात दुखणं सूर्याबरोबर चढतं आणि सूर्य कलला की उतरतं. माळरानावर राबणाऱ्या माणसाला हे वर्णन समजावून सांगावं लागत नाही. ग्रीक वैद्य गॅलेन यानं याच दुखण्याला अर्ध्या कवटीचं नाव दिलं, हेमिक्रेनिया. तोच शब्द झिजत झिजत 'मायग्रेन' झाला. अर्धशिशी आणि मायग्रेन हे दोन्ही शब्द एकच गोष्ट सांगतात, फक्त एक आपल्या आजीला ठाऊक होता. तरी अर्ध्याच डोक्याचा हट्ट धरू नये. पुष्कळांचं दोन्ही बाजूंनी दुखतं, तीही अर्धशिशीच.

आजीचा एक उपायही मला या निमित्तानं नव्यानं कळला. अर्धशिशीवाल्याला सूर्योदयाच्या आधी गरम दूध आणि जिलेबी खायला घालायची. लहानपणी मला तो खुळेपणा वाटायचा. जिलेबीत औषध नाहीच. पण रानात जाणारी बाई पहाटे उठून सगळ्यांचं करते आणि स्वतः अकरा वाजेपर्यंत नुसत्या चहावर असते. तिच्या पोटात दिवस उगवायच्या आत काहीतरी पडावं, अशी त्यात सोय होती. लंघन हा अर्धशिशीला जागं करणारा अगदी पक्का खटका आहे.

दुखणं ओळखायला भाषा किती उपयोगी पडते, हेही या गप्पांत दिसलं. 'डोकं जड झालंय', 'पट्टा आवळल्यासारखं झालंय' म्हणणारी माणसं काम करत राहतात. तो बहुधा ताणाच्या डोकेदुखीचा प्रकार. 'ठणकतंय', 'घणाचे घाव पडतायत' म्हणणारी माणसं आडवी होतात. चाललं तरी ठणका वाढतो, जिना चढवत नाही, उजेड आणि आवाज सोसत नाही. डॉक्टरांची व्याख्या याहून फार वेगळी नाही. उपचार न करता 4 ते 72 तास टिकणारं दुखणं. एका बाजूला, ठणकणारं, मध्यम ते तीव्र, हालचालीनं वाढणारं, यांपैकी किमान दोन गोष्टी. जोडीला मळमळ-उलटी, किंवा उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होणं. अशी निदान पाच दुखणी होऊन गेलेली आणि दुसरं कारण नसलेलं. बस. यासाठी यंत्र लागत नाही, कोणीतरी दहा मिनिटं ऐकून घ्यावं लागतं.

मला फळ्यावर दिसलेली रेघ मात्र सगळ्यांना दिसत नाही. अर्धशिशीच्या थोड्याच माणसांना ती पूर्वसूचना मिळते. तिचं कोडं सोडवणाऱ्यांत एक माणूस स्वतः रुग्ण होता, याचा मला फार आधार वाटला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅश्ली याला अशीच वाकडीतिकडी रेघ दिसायची. घाबरण्याऐवजी तो कागदावर तिच्या कडा दर काही मिनिटांनी काढत बसायचा. त्या आकृत्यांवरून त्यानं 1941 साली हिशेब मांडला, की मेंदूच्या पाठीमागच्या, पाहण्याच्या भागावरून काहीतरी मिनिटाला सुमारे 3 मिलिमीटर या वेगानं सरकतंय. तीन वर्षांनी ब्राझीलच्या अरिस्टिडीस लिआव यानं सशाच्या मेंदूवर अशीच सावकाश पसरत जाणारी लाट नोंदवली. फळ्यासमोर माझ्या डोक्यातून गेली ती हीच लाट. गणिताच्या शिक्षिकेला वेग सांगितला की धीर येतो.

आता आपल्या मुलखाकडे येते. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. नीरा डाव्या कालव्यानं आणि उजनीच्या पाण्यानं ऊस आला, द्राक्षं-डाळिंबं आली, तरी ऊन माळाचंच राहिलं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. बारामतीहून इंदापूरला जायचा रस्ता पन्नासेक किलोमीटरचा, भवानीनगर, सणसर, निमगाव केतकी असा. सकाळच्या एसटीत पूर्वेकडं तोंड करून बसलं की रस्त्याकडेच्या बाभळींतून ऊन लुकलुकत डोळ्यांवर येतं. गळीत हंगामात मळीचा आंबूस वास बसमध्ये भरतो. कितीतरी झटक्यांची सुरुवात माझ्या मते या रस्त्यावर झाली. याच वाटेनं तुकोबांची पालखी जाते. उन्हातली चाल, अर्धवट झोप, वेळी-अवेळी जेवण, वर एकादशी. दिंडीतल्या एका मावशींनी सांगितलं, "इंदापूरपत्तुर माझं डोस्कं धा येळा उठतंया. पर माउली चालवत्यात."

उपासाबद्दल बोलताना मी जपून बोलते, कारण तो श्रद्धेचा विषय आहे आणि मीही संकष्टी धरते. पण संकष्टीला चंद्रोदय रात्री नऊच्या आसपास. दिवसभर पोटात साबुदाण्याचे चार घास आणि चहा. चतुर्थीला हमखास डोकं उठणाऱ्या बाया मला इतक्या भेटल्या, की मी डॉक्टरांना विचारून उपासाचं एक वेगळं प्रकरणच लिहिलं. दुपारी राजगिऱ्याची भाकरी, दही, शेंगदाण्याची आमटी खाऊनही उपास मोडत नाही.

न्हाण्याचंही तसंच. डोक्यावरून अंघोळ केली की डोकं दुखतं, असं आपल्या बायका पिढ्यान्पिढ्या सांगत होत्या आणि कोणी मनावर घेत नव्हतं. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी ते मनावर घेतलं. केस धुतल्यानं अर्धशिशी उठते अशा 94 भारतीय रुग्णांच्या नोंदी त्यांनी 2006 साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडल्या. तो निबंध वाचला तेव्हा मला आजीची, आईची, शेजारणींची आठवण झाली. त्यात भर म्हणजे पाळी. पाळीच्या आधीचे दोन आणि सुरू झाल्यावरचे तीन दिवस, शरीरातलं इस्ट्रोजेन घसरलेलं असताना, अनेकींचा झटका ठरलेला. त्यालाच जोडून चौथ्या दिवसाचं न्हाणं. बायकांत अर्धशिशी पुरुषांच्या सुमारे तिप्पट दिसते. तरी कारखान्यातल्या त्या पॅनमनचं मला विसरता येत नाही. रात्रपाळीत साखरेचा दाणा बांधायच्या वेळी डोकं उठलं, तर तो कोणाला सांगत नाही. "गडी माणूस डोकं दुखतं म्हणून सुट्टी मागतो व्हय?"

सगळ्यात बिकट अवस्था ऊसतोडीच्या बाईची. पहाटे तीनला उठायचं, थंडीत फडात उतरायचं, मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. जे दुखणं जिना चढण्यानं वाढतं, ते दुखतं डोकं मोळीखाली धरायचं. पडून राहिलं तर खाडा. तिच्या कनवटीला गोळ्यांची पट्टी असते, कोपीजवळच्या किराणा दुकानातून आणलेली.

या पट्टीबद्दल पुस्तकात सविस्तर लिहिलं आहे, कारण धोका तिथं आहे. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 किंवा त्याहून जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेली किंवा ट्रिप्टान जातीची गोळी 10 किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ चालली, तर गोळीच रोजची डोकेदुखी निर्माण करायला लागते. माणूस मग दुखतं म्हणून गोळी घेतो आणि गोळीमुळं दुखतं. मी स्वतः त्या फेऱ्यात वर्षभर होते. गोळ्या बंद केल्यावरचे पहिले दहा दिवस फार वाईट गेले. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावं.

हा आजार किती जणांना आहे? बंगळुरू आणि आसपासच्या खेड्यांत 18 ते 65 वयाच्या 2,329 लोकांच्या घरी जाऊन केलेली पाहणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरात अर्धशिशी झालेल्यांचं प्रमाण 25.2 टक्के निघालं, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. कर्नाटकातलं खेडं आणि आपलं खेडं यांत ऊन, उपास आणि कष्ट यांचा कितीसा फरक?

औषधं आहेत. झटक्याच्या सुरुवातीलाच घ्यायचं नॅप्रोक्सेन किंवा पॅरासिटामॉल, सोबत उलटी थांबवणारी गोळी. त्यानं भागलं नाही तर 1990च्या दशकापासून वापरात असलेली सुमाट्रिप्टानसारखी औषधं. झटके वारंवार येत असतील, तर ते येऊच नयेत म्हणून रोज घ्यायची प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन, टोपिरामेट. यांतली बरीचशी जुनी, मुळात दुसऱ्या आजारांसाठी निघालेली. खास अर्धशिशीसाठी घडवलेली, सीजीआरपी या रेणूला अडवणारी इंजेक्शनं 2018 पासून जगात मिळू लागली, पण त्यांची किंमत आपल्या बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे. कोणतं औषध कोणाला, हे डॉक्टरांनी ठरवायचं. दमा असेल, दिवस गेलेले असतील, तर यादी बदलते. माझ्यासारखी रेघ दिसणाऱ्या बाईनं तर इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी घेण्याआधी ते डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे, कारण त्या गोळीनं तिला पक्षाघाताचा धोका वाढतो.

आणि प्रत्येक डोकेदुखी अर्धशिशी नसते. क्षणात वीज पडावी तसं, आयुष्यात कधी नव्हतं असं डोकं दुखलं, तापाबरोबर मान ताठली, हात किंवा पाय लुळा पडला, जीभ अडखळली, डोक्याला मार लागला, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखणं सुरू झालं, तर लेप-बाम करत बसू नये. बारामतीत 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, 108 ला फोन लावता येतो.

वाचकाकडून मला एक गोष्ट हवी आहे. आपल्या घरोघरी भिंतीवर दिनदर्शिका असते आणि तिच्या चौकोनांत दुधाचा हिशेब मांडलेला असतो. त्याच चौकोनात, डोकं उठेल त्या दिवशी एक फुली मारा. गोळी घेतली तर फुलीला गोल करा. तीन महिन्यांनी ती पानं डॉक्टरांसमोर ठेवा. माझ्या फुल्या संकष्टीला, पाळीला आणि पेपर तपासायच्या आठवड्यात सापडल्या. त्याआधी माझं डोकं 'कधीही' दुखायचं. फुल्यांनी त्या 'कधीही'ला तारखा दिल्या. आता महिन्याला सहाच्या जागी दोन होतात.

आईचं डोकं पाळी गेल्यावर हळूहळू थांबलं. तिला मी हे सगळं वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजी मी येवढं मीठपाणी उगाच प्याले."

गेल्या दिवाळीला भावाची मुलगी पुण्याहून गावी आली होती, एकोणीस वर्षांची. नरकचतुर्दशीला पहाटे उटणं लावून न्हाली, ओले केस बांधून फराळाच्या तयारीला लागली आणि दहाच्या सुमाराला डोळ्यांवर ओढणी घेऊन आतल्या खोलीत जाऊन पडली. वहिनी म्हणाली, पित्त झालं असेल, रात्री जागरण झालंय. आई उठली. खिडकी लावून घेतली, बाहेर फटाके वाजवणाऱ्या पोरांना गल्लीच्या टोकाला पिटाळलं, तिला दोन घास खायला लावून गोळी दिली. "अर्धशिशी हाय ती," वहिनीला म्हणाली. "पित्त-बित्त काय न्हाय." मग स्वयंपाकघरात गेली, भिंतीवरची दिनदर्शिका खिळ्यावरून उतरवली आणि माझ्याकडं पेन मागितलं.